संगीताविना संगीतकार: रॉक माहितीपटांच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
रॉक संगीतकारांवरील माहितीपट डीव्हीडीच्या रूपाने घरोघर विकणारे निर्माते, दिग्दर्शक आणि वितरक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा आपण काढलेल्या माहितीपटांनी भरलेला आहे. काही तबकड्या पुण्या-मुंबईच्या दुकानांतून घेतल्या, काही परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना सांगून मागवल्या, तर काही पुढे टपालाने आल्या. क्वीन, बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, जिमी हेंड्रिक्स ही नावे वेष्टनावर मोठ्या अक्षरांत दिसली की मला राहवत नसे. मी वाईची. आमच्या गावात या संगीतावर मनसोक्त बोलायला माणूस मिळणे अवघड होते, आणि कॅसेटच्या डबीतल्या घडी घातलेल्या कागदावर जेवढे छापलेले असे तेवढ्यावरच आमचे ज्ञान भागत असे. त्यामुळे माहितीपटाकडून माझे मागणे साधे होते. जे गाणे वर्षानुवर्षे ऐकले, ते कसे घडले हे कोणीतरी दाखवावे. बहुतेक तबकड्यांनी ते दाखवले नाही, आणि हे असे का होते याचा विचार करता करता हे पत्र लिहायला घेतले आहे.

कोणा एका कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण माझी तक्रार एकट्यादुकट्याबद्दल नसून एका साच्याबद्दल आहे. तासाभराच्या आतबाहेरच्या लांबीत पडद्यावर आळीपाळीने चार-पाच माणसे येतात. त्यांत संगीत-साप्ताहिकात परीक्षणे लिहिणारा एक पत्रकार असतो, एक चरित्रकार असतो, एक नभोवाणी निवेदक असतो आणि क्वचित बँडबरोबर कधीकाळी काम केलेला एखादा साहाय्यक असतो. ही मंडळी सांगतात की हा माणूस विलक्षण प्रतिभेचा होता, असे पूर्वी कोणी पाहिले नव्हते आणि या अल्बमने सगळे बदलून टाकले. काय बदलले आणि कशामुळे, हे कोणी सांगत नाही. मधल्या जागा भरण्यासाठी विमानतळावर उतरणाऱ्या कलाकारांची जुनी वृत्तचित्रे असतात आणि त्याच त्या छायाचित्रांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा असतो. मागे वाजत असते त्या बँडची धाटणी उचललेले, पण दुसऱ्याच कोणी वाजवलेले संगीत. शेवटी एक प्रश्नमंजूषा जोडलेली असते. या कलाकृतीस कलाकाराची मान्यता नाही आणि तिच्यात त्याचे मूळ संगीत नाही, हे वेष्टनाच्या मागच्या बाजूला अगदी बारीक टाइपात छापलेले असते.

तो बारीक टाइप मी पहिल्यांदा वाचला तो घरी येऊन तबकडी पाहून झाल्यावर. पुढे एकदा वेगळे नाव आणि वेगळे मुखपृष्ठ पाहून घेतलेला माहितीपट सुरू होताच लक्षात आले की हा आपल्याकडे आधीपासून आहे. पैशांपेक्षा त्या संध्याकाळचे मला अधिक वाईट वाटले, कारण घरच्यांना मी मुद्दाम बोलावून बसवले होते.

आपली अडचण मला समजत नाही असे नाही. गाणे चित्राबरोबर वापरायचे तर दोन निराळ्या परवानग्या लागतात. पहिली रचनेची असते आणि ती संगीत-प्रकाशकाकडून घ्यावी लागते. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची असते आणि ती बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या हाती असते. दोघांपैकी एकाने जरी नकार दिला किंवा न परवडणारी रक्कम सांगितली तरी गाणे हातचे जाते. थोड्या प्रती विकून खर्च भरून काढणाऱ्या छोट्या निर्मात्याला हे झेपणारे नाही, हे उघड आहे. त्यावर आपण शोधलेला मार्गही कायदेशीर आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या स्वामित्वहक्क कायद्यात टीका आणि समीक्षेसाठी एखाद्या कृतीचा मर्यादित व न्याय्य वापर परवानगीविना करण्याची मुभा आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या वेष्टनांवर समीक्षा, चिकित्सा, परामर्श अशा अर्थाचे शब्द दिसतात त्यामागे ही मुभा आहे, असे मी समजते.

मात्र समीक्षेच्या नावाने मिळालेली सवलत घ्यायची तर समीक्षा करायला हवी. गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि लगेच कोणीतरी ‘अप्रतिम’ म्हणायचे, याला समीक्षा म्हणता येत नाही. आम्हा मराठी वाचकांना संगीतावरचे लेखन नवे नाही. केशवराव भोळ्यांपासून अशोक रानड्यांपर्यंत ज्यांनी गाण्याबद्दल लिहिले, त्यांच्याजवळ ऐकवायला एक सेकंदाचाही नाद नव्हता. होता तो केवळ कागद. तरीही त्यांचे वाचून गवयाचा आवाज कसा लागला, तान कुठून उठली आणि समेवर कशी आली, हे कानाला जाणवते. आपल्या हाती तर चित्र आहे, दहा का होईना पण सेकंद आहेत, पियानोपुढे बसवून स्वरसंगती उलगडायला लावता येईल असा एखादा जाणकार आहे. म्हणून संगीताचे हक्क मिळाले नाहीत हे कारण मी अर्धेच मान्य करते. उरलेले अर्धे कारण म्हणजे श्रम वाचवले गेले, आणि माझे भांडण त्याच्याशी आहे.

क्वीनचे उदाहरण घेते, कारण माझ्या कप्प्यात सर्वाधिक तबकड्या त्यांच्यावरच्या आहेत. क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांची गिटार विकत आणलेली नव्हती. १९६३ साली शाळकरी ब्रायनने आपल्या वडिलांबरोबर ती घरी बनवायला घेतली. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले, तारांचा ताण सांभाळणाऱ्या यंत्रणेला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या, आणि ती छेडायला प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरायची सवय त्यांनी लावून घेतली. तारेवर धातूच्या नाण्याची दातेरी कड घासली की स्वराच्या सुरुवातीलाच एक किंचित खरखर येते, आणि एकदा ती कानात बसली की मे यांची गिटार कुठेही ओळखता येते. हे सारे दाखवायला एकाही गाण्याचा हक्क विकत घ्यावा लागत नाही. सुतारकाम जाणणारा एक माणूस, एक गिटार, एक नाणे आणि अर्ध्या दिवसाचे चित्रीकरण पुरते. माझ्याजवळच्या एका माहितीपटात या गिटारीबद्दल फक्त ‘तिचा नाद आगळा होता’ एवढे एकच वाक्य आहे.

क्वीनच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाण्याची गोष्टही तशीच. १९७५ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत हे गाणे ध्वनिमुद्रित होऊ लागले. त्या वेळच्या फितीवर आवाज वेगवेगळे नोंदवायला चोवीसच पट्टे (ट्रॅक) होते. मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर असे तिघेच गाणार आणि ऐकणाऱ्याला मात्र भला मोठा गायकवृंद भासायला हवा, म्हणून गायलेले पट्टे एकत्र करून एका पट्ट्यावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचे आणि पुन्हा एकत्र करायचे, हा क्रम इतक्या वेळा चालला की एकावर एक चढवलेल्या आवाजांची संख्या एकशे ऐंशीच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. फीत यंत्रातून इतकी फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि ती प्रकाशात धरली तर आरपार दिसू लागली, ही आठवण मे यांनी सांगितली आहे. हे गाणे असलेल्या अल्बमवरच्या अधिकृत माहितीपटात ते स्वतः मिश्रणयंत्रापुढे बसून एकेक पट्टा सुटा करून ऐकवतात, आणि ते पाहताना हा माणूस आपल्याला हाताला धरून त्या खोलीत घेऊन गेला असे वाटते. आपल्याला त्या मूळ फिती मिळणार नाहीत हे मान्य. परंतु तीन गायक आणि एक साधे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन स्वतंत्र रचलेल्या चार ओळींवर हेच तंत्र प्रत्यक्ष करून दाखवायला आपल्याला कोणी अडवले होते? नक्कल करणारे वादक तर आपण आणलेच होते. त्यांना मागे वाजवायला बसवण्याऐवजी पुढे घेऊन हे करून दाखवायला सांगितले असते, तर ती नक्कल कामाला आली असती. त्या वादकांची नावे श्रेयनामावलीत अनेकदा नसतात, हेही जाता जाता सांगते.

आता माझ्या घराजवळची गोष्ट. वाईहून पसरणीचा घाट चढला की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी लागते. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा नावाचा मुलगा वयाच्या आठव्या वर्षी तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहायला आला. याच शाळेत तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला आणि इथेच त्याला मित्र फ्रेडी म्हणू लागले. हाच पुढे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला. रेडिओवर ऐकलेले गाणे लगेच पियानोवर वाजवून दाखवण्याची त्याची हातोटी त्याच्या शाळासोबत्यांनी पुढे सांगितली आहे. १९५८ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत प्रभावी गायकांपैकी एक जो पुढे होणार होता, तो या पहिल्या बँडचा मुख्य गायक नव्हता. पुढे उभा राहून दुसरा मुलगा गात असे आणि फ्रेडी पियानोवर बसे. त्या पाच जणांपैकी एक जण पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवर नट झाला, तर ड्रम वाजवणारा नेपाळच्या लष्करात मेजर जनरल होऊन सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. माहितीपट करणाऱ्या माणसाला याहून चांगली सामग्री कुठे मिळणार होती?

एका तबकडीत भारताच्या वाट्याला किती वेळ आला हे मी घड्याळ समोर ठेवून मोजले. चौपन्न मिनिटांत तो एक मिनिटही भरला नाही, आणि त्या अवधीत पडद्यावर वाराणसीचे घाट होते व मागे सतार वाजत होती. पाचगणीपासून वाराणसी हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि त्या मुलाच्या बोटांखाली सतार नव्हती, पियानो होता. ही चूक केवळ भूगोलाची असती तर मी एवढे लिहिले नसते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका वसतिगृहात, पन्नासच्या दशकात, आईवडील समुद्रापलीकडे असलेला एक मुलगा इंग्रजी शाळेची स्तोत्रे, रेडिओवरचे रॉक अँड रोल आणि पियानोचे धडे हे सारे एकाच वेळी कसे पचवत होता, हा संगीताच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे, आणि सतारीच्या त्या झंकाराखाली तो विचारलाच गेला नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’तला अनेक आवाजांचा तो भव्य थर ऐकताना मला शाळेच्या गायकवृंदात उभा असलेला मुलगा आठवतो. हे माझे अनुमान आहे. ते बरोबर की चूक, हे कोणीतरी इथे येऊन, माणसांशी बोलून तपासायला हवे होते. लता मंगेशकरांच्या गाण्याचा त्याच्यावर संस्कार झाला असेही वारंवार छापले जाते. मला ते खरे असावेसे वाटते, पण मला वाटण्याला किंमत नाही. असे विधान पुराव्याच्या कसाला लावणे हे माहितीपटाचे काम, आणि तिथे आपण ते चरित्रांतून उचलून निवेदकाच्या तोंडी घालता.

बीटल्सवरच्या तबकड्यांतही हेच आढळते. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आले आणि त्यांनी इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले. त्या कामात शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हे त्या वेळचे तरुण वादक होते. बीटल्सच्या चौघांपैकी एकाने आपल्या शहरात येऊन केलेल्या या कामाबद्दल मला आपल्या माहितीपटांतून जवळजवळ काहीच कळले नाही. ऋषिकेशच्या आश्रमातली पांढऱ्या कपड्यांतली दृश्ये मात्र प्रत्येकात आहेत. शिवकुमारजी २०२२ साली गेले. त्यापूर्वीची पन्नासहून अधिक वर्षे त्यांना त्या दिवसांबद्दल विचारता आले असते.

लंडनमध्ये घडले ते याहून जिव्हारी लागते. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममधल्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यावर तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. पुढच्याच वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमवर हॅरिसन यांच्या गाण्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावे मात्र छापली गेली नाहीत. जवळपास पन्नास वर्षांनी एका संशोधकाच्या चिकाटीमुळे अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे लोकांसमोर आली. भागवत आणि जोशी ही आडनावे वाचताना माझ्या मनात काय दाटून आले, ते मला नीट सांगता येणार नाही. हा शोध घेण्यासाठी गाण्याचा परवाना लागत नव्हता. लंडनमधल्या भारतीय संगीतमंडळांची जुनी कागदपत्रे चाळायची होती, माणसे शोधायची होती आणि त्यांच्या घरची बेल वाजवायची होती.

मृत्यूबद्दल फार लिहिणार नाही. आपल्या बहुतेक माहितीपटांचा शेवटचा तिसरा हिस्सा आजार, व्यसन आणि अंत यांवर खर्च होतो. फ्रेडी मर्क्युरी यांनी आपल्याला एड्स असल्याचे २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, हे प्रत्येक तबकडीत आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावातल्या स्टुडिओत, उभे राहणेही कठीण झालेले असताना ते गात होते, आणि ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे त्यांच्याकडून राहिले म्हणून पुढे ते ब्रायन मे यांनी गायले, हे मात्र मला पुस्तकातून कळले. आजार सांगायचाच असेल तर आजारातले हे काम सांगावे.

मोठ्या पैशांशिवाय आणि गाण्यांच्या परवान्याशिवाय चांगला माहितीपट होऊच शकत नाही, असे आपण म्हणत असाल तर निर्वाणा या बँडचे गायक कर्ट कोबेन यांच्या मृत्यूवरचा निक ब्रूमफील्ड यांचा १९९८ चा माहितीपट ‘कर्ट अँड कोर्टनी’ आठवून पाहावा. या बँडची गाणी वापरण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. कायदेशीर कारवाईच्या भीतीने अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाने तो माहितीपट ऐन वेळी कार्यक्रमातून काढला. त्यातल्या कित्येक सूचना मला पटत नाहीत, आणि काही साक्षीदारांवर इतका विश्वास टाकायला नको होता असेही मला वाटते. पण ब्रूमफील्ड स्वतः कॅमेऱ्याबरोबर फिरतात, कोबेन यांच्या गावी जातात, नातेवाइकांना भेटतात, दारे तोंडावर बंद झाली तर तेही दाखवतात आणि परवानगी का मिळाली नाही हेही प्रेक्षकाला सांगतात. जी गोष्ट आपण वेष्टनामागच्या बारीक टाइपात दडवता, तीच त्यांनी कथानकात आणली. आपल्याला एका रात्रीत ब्रूमफील्ड होता येणार नाही, पण हा प्रामाणिकपणा तर कोणालाही जमण्यासारखा आहे.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. मूळ संगीत नसेल तर ते मुखपृष्ठावर, कलाकाराच्या नावाइतक्याच ठळकपणे लिहावे. जो बोलतो त्याच्या नावाखाली त्याचा त्या कलाकाराशी संबंध काय आणि कोणत्या वर्षांतला, हे द्यावे. ‘संगीतपत्रकार’ या एका शब्दाने ते कळत नाही. दहा गाण्यांचे तुकडे ऐकवण्याऐवजी जमले तर एकाच गाण्याचा परवाना घ्यावा, त्या गाण्यावर वीस मिनिटे थांबावे आणि ते आतून उघडून दाखवावे. जुनाच माहितीपट नव्या नावाने विकू नये. आणि ज्या मुलाखती आपण घेता, त्या कापलेल्या तीस सेकंदांपुरत्या न ठेवता पूर्ण स्वरूपात एखाद्या ग्रंथालयाकडे द्याव्यात, कारण ही माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत आणि त्यांच्या आठवणी पुन्हा कोणाला मिळणार नाहीत.

शेवटची विनंती आमच्या भागापुरती आहे. फ्रेडी मर्क्युरी यांच्यावर पुन्हा काही करणार असाल तर इथे या. पुण्याहून वाई दोन-अडीच तासांवर आहे आणि तिथून घाट चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या काळचे सातारा आणि पाचगणी आठवणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याशी मराठीतून बोलावे लागेल, आणि त्या कामी माझी मदत हवी असेल तर मी ती आनंदाने करीन. फक्त जून ते सप्टेंबर येऊ नका. त्या दिवसांत पाचगणीच्या टेबललँड पठारावर धुके असे उतरते की दहा पावलांवरचे दिसत नाही आणि कॅमेऱ्याच्या काचेवर सारखे पाणी धरते. दसऱ्यानंतर आकाश निवळते, तेव्हा या.

कळावे,

आपली नम्र,
वाईतील एक श्रोती